लेकीच्या कमरंची सुरी

ती पिशवी खाली ठिवा आधी, ताई. खांद्याला अडकवून कशाला बसताय, हितं कोण न्हेणार न्हाई तुमची पिशवी. हां, बसा असं. कुठनं सांगू? माजं माहेर माणातलं, दहिवडीच्या पलीकडं, गावाचं नाव सांगून तुमाला काय कळायचं न्हाई, निस्ता माळ आन् मेंढरं. आमी लोहार. बाप खुरपी, कुदळी, कुऱ्हाडी करायचा, आन् पाऊसच न्हाई तर खुरपं घिऊन माणूस उपटणार काय, तवा बापाला काम कमी आन् घरात खाणारी तोंडं लय. गावातलं बाप्ये समदे मुंबैला गेल्याले. मंग बापाच्या हाताखाली घण कोण मारणार? आई मारायची. धाकट्या भावाच्या येळंला आई अंथरुणाला खिळली तवा बापानं घण माज्या हातात दिला. मी परकरात व्हते. बाप म्हणला, ताकदीनं उचलू नगंस, कमरंतनं उचल, आन् पडताना त्येचा त्येला पडू दे, तू निस्ती त्येला वाट दाव. येवढीच माजी शाळा, बाकी पाटी न्हाई का पेन्शील न्हाई.

मंग लगीन करून हिकडं आले, मिरजंच्या पलीकडं, उसाच्या भागात. माणातनं आलेल्या पोरीला हिकडचं पाणी बघून येड लागायची पाळी, पाटाला पाणी, हिरीला पाणी, सासू म्हणायची सांडू नगं गं येवढं, आन् मी आपली घागर भरून पुन्यांदा वतायची, भरून वतायची, निस्तं बघायला. असू द्या. तर लोकांस्नी वाटतं लोहार म्हंजी बाप्या. न्हाई ताई, लोहार म्हंजी नवराबायको. एकट्या बाप्याचं ते काम न्हाई. आमचं मालक बसल्याले, डाव्या हातात सांडस, उजव्या हातात बारकी हातोडी, आन् मी समोर उभी, दोन्ही हातात घण. भट्टीतनं लाल लोखंड ऐरणीवर आलं की ह्ये बारकी हातोडी जिथं टिक् करतील तिथं माजा घण पडायचा. टिक् की धाड, टिक् की धाड. तोंडानं बोलायचं न्हाई, बोललं तर ऐकू येत न्हाई. आन् हातोडी लोखंडावर न वाजता मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. त्येचा आवाज येगळाच असतो, झोपंतबी कळंल मला. सारा जल्म त्या आवाजावर गेला बगा. घरात भांडण असू दे, अंगात ताप असू दे, दोघं एकमेकांशी आठ-आठ दिवस बोलत नसू दे, पण ऐरणीवर हातोडी वाजली की माजा घण खाली. एक घाव जास्तीचा घातला न्हाई म्या कवा. जास्तीचा घातला तर लोखंड पातळ व्हतं, बिघडतं, न्हाईतर सांडशीतनं निसटून कुणाच्या तरी डोळ्यात जातं. म्हणून ही हातोडी वाईच ध्येनात ठिवा, म्होरं लागंल.

आमचं खरं काम कोयत्याचं. ऊस तोडायचा कोयता. टोळ्या आल्या की दारात रांग लागायची, तोडणाऱ्या बाया माज्याशीच बोलायच्या, मावशे, मुठीकडं जड नगं, मनगाट धरतंय. आता ऊस तोडाय मशीन आली, आन् टोळ्या येत्यात त्यांच्याजवळ बाजारातला तयार कोयता असतो, पत्र्यासारका, मोडला की टाकून द्यायचा. मागं मागं तर कोयता म्हणलं की लोक भलतंच समजाय लागलं. पोरं यायची, केस रंगवल्याली, मोबाईलात फोटू दावायची, काळ्या जाडजूड सुऱ्या, मावशी असली करून दे. कशाला रं, म्हणलं तर हसायची. ह्येंनी एकाला बी करून दिली न्हाई. म्हणायचे, ज्येला कापायचं काय ते सांगता येत न्हाई त्येला धार दावायची न्हाई. मंग ती पोरं बंद झाली, काम बी बंद झालं, निस्तं विळं-खुरपं शेवटायला, धार लावून घ्यायला येतं कोण तरी, तेवढंच.

माजा खांदा त्येच्या आधीच जायला लागला व्हता. उजवा. मिरजंला दवाखान्यात दावला, तिथल्या डॉक्टरीणबाईनं हात वर कर म्हणलं, झाला न्हाई, मागं ने म्हणलं, गेला न्हाई. ती म्हणली, मावशी, आतली दोरी झिजली, आता घण सोडायचा, न्हाईतर एक दिवस तुटंल आन् मंग हाताला भाकरीचा घास बी उचलणार न्हाई. म्या व्हय म्हणलं. घरी यिऊन सांगिटलं. ह्ये म्हणले, सोड मंग. येवढंच. त्येंस्नी बोलाय येत न्हाई जास्त, पण त्या दिवसापासनं घण कोपऱ्यात उभा करून ठिवला, त्येच्यावर पोतं टाकलं. लय बरं वाटलं ताई, खोटं कशाला सांगू. वाटलं, सुटलो एकदाचं.

आमाला दोन पोरं. प्रकाश थोरला, कुपवाडला एका कारखान्यात चाकावर लोखंड घासायचं काम करतो, फटफटीवरनं जातो-येतो. आन् सुरेखा धाकटी. ती फौजंत हाय. तुमी हसताय, पण हाय. हिकडं उसवाल्यांची पोरं सकाळी डांबरीवर पळत्यात भरतीसाठी, त्यांच्या मागनं ही बी पळायची, शाळंचा गणवेश घालून. मागनं पळता पळता एक दिवस म्होरं पळाय लागली. भरती झाली तवा भावकीतनं लोक म्हणले, लोहाराची पोर, लगीन कोण करणार. ह्ये म्हणले, करंल की कोण तरी, नसंल करणार तर नसंल. आता तिची बदली लांब पूर्वेला, नाव मला घेता येत न्हाई, समदं बांबूचं रान हाय म्हणती आन् पाऊस कायमचा.

दोन सालामागं सुट्टीला आली तवा पयले दोन दिवस निस्ती झोपून व्हती. तिसऱ्या दिवशी बापाजवळ जाऊन बसली आन् म्हणली, आबा, मला एक सुरी करून द्या. ह्ये म्हणले, का गं, सरकारनं बंदूक दिली न्हवं? ती म्हणली, बंदुकीनं बांबू तुटतो का आबा? मंग सांगाय लागली. रानात वाट काढायची, तंबूच्या खुट्ट्या तासायच्या, दोर कापायचा, डबा फोडायचा, वल्या लाकडाची साल काढून आतलं कोरडं जाळायचं, समद्याला पातं लागतं. तिच्याबरोबरच्या पोरीनं मोबाईलवरनं एक मागवल्याली, काळी, ही येवढी जाड, पाठीला करवतीचं दातं. बघणाऱ्यानं भ्यावं अशी. एकदा ती पोरगी वघळीत घसरली, पाठीवरच्या बोज्याचा पट्टा मुळीत अडकला आन् गळ्याला आवळाय लागला. सुरेखानं तिचीच सुरी उपसली, पट्ट्याला लावली, तर ती जाड धार पट्ट्यावरनं निस्ती घसरतीया. उलटी करून करवतीनं बघितलं तर दातं पट्ट्यात रुतलं, हिनं हिसका दिला, तर मूठ हिच्या हातात आन् पातं तिकडंच. मागनं सैपाकाचा माणूस पळत आला, त्येच्या खिशात कांदा चिरायचा चाकू व्हता, पातळ, तेवढ्यानं पट्टा कापला. पोरगी जगली. पण सांगताना सुरेखाचा हात गळ्याकडंच जायचा सारखा.

आता बगा ताई, गोष्ट एकच. आमी दोघांनी एका जागी बसून ऐकली. ह्येंनी काय ऐकलं? मूठ मोडली. म्या काय ऐकलं? कांद्याचा चाकू. हितनंच समदं सुरू झालं.

संध्याकाळी प्रकाश आला, चौघं सोप्यात बसलो आन् निस्ती सुरी, सुरी, सुरी. एवढी चर्चा ह्या घरात सुरेखाच्या भरतीला बी झाली न्हवती. प्रकाश म्हणला, स्टेनलेसची करू, गंजत न्हाई, पावसातली माणसं ती. ह्ये म्हणले, गंज पुसता येतो रं, पण त्या स्टेनलेसची धार गेली तर रानात ती लावणार कशावर? ट्रकच्या कमानीचं पोलाद कुठल्याबी धोंड्यावर दोन हात मारले की धार घेतं. प्रकाश म्हणला, आन् रोज तेल कोण लावंल? सुरेखा म्हणली, बंदुकीला लावतेच की मी, त्यातलंच बोट पुसायचं. ते मिटलं. मंग म्या म्हणलं, मिटायची का नगं, चाकूसारकी, खिशात बसंल. तर सुरेखा म्हणली, आई, सांध्यात चिखल जातो, आन् एका हातानं दोर धरला असला तर ती उघडायची कशी. तेबी खरं. पाठीला दातं नगंत, ह्येच्यावर कुणाचं भांडणच न्हवतं. मुठीत जाणारं शेपूट बारकं काढायचं न्हाई, पातं हाय तेवढ्याच रुंदीनं मुठीच्या टोकापतुर न्यायचं, दोन्ही अंगाला शिसवी लाकूड आन् आरपार खिळं, म्हंजी मूठ मोडायचा सवालच न्हाई. म्यान कातड्याचं केलं तर तिकडं बुरशी धरतीया, म्हणून प्रकाश म्हणला, म्या कारखान्यातनं प्लॅस्टिकचं वाकवून आणतो. समदं झालं. राह्यली जाडी.

ह्ये म्हणले, ट्रकच्या कमानीची पाटी घ्यायची आन् पाठ हाय तेवढीच जाड ठिवायची, निस्ती खाली धार काढायची. म्या म्हणलं, आवं, जड व्हईल. जडच पायजे, म्हणले, घाव जडानं बसतो. म्या म्हणलं, घाव घालायचा का कापायचं? दोन्ही, म्हणले. म्या म्हणलं, आवं, जाड पातं कापत न्हाई, निस्तं फाकवतं, तुमीच तोडणाऱ्या बायांस्नी सांगत आला जल्मभर. तर म्हणले, तो ऊस हाय, ही माजी पोर हाय, माज्या पोरीच्या हातात माज्या हातचं पातं मोडलं तर म्या लोहार कशाला म्हणवून घ्यायचं? आन् उठून गेले. सुरेखाकडं बघितलं म्या. ती म्हणली, आबा म्हणतील तशी. बापाचं मन मोडायचं न्हाई, लहानपणापासनंच तशी ती.

दुसऱ्या दिवशी म्या तिला न्हाऊ घातलं. येवढी फौजंतली पोरगी, पण आईकडं आली की पाठ चोळून घ्यायला लागती. तेल लावाय बसले आन् बघते तर कमरंला दोन्ही हाडांवर काळं निळं, चामडी घट्टा पडून राठ झाल्याली, एका जागी तर सोलवाटून आल्यालं. ह्ये काय गं, म्हणलं. तर म्हणली, काय न्हाई आई, पट्टा घासतो, पाठीवरचा बोजा, पाणी, गोळ्या, समदं कमरंवर येतं, समद्यांस्नीच असतं. पाय वर घ्यायला गेली तर तोंड वाकडं झालं तिचं, म्या बघितलं. म्हणली, आबांस्नी सांगू नगंस, न्हाईतर त्ये नोकरी सोड म्हणतील. आन् मला सोडायची न्हाई, आई. गळ्याशपथ सांगू नगंस.

मंग म्या काय करणार? ताई, तुमीच सांगा. सांगाय जावं तर पोरीची शपथ, न सांगावं तर त्या हाडांवर आणिक एक लोखंडाचा तुकडा जाणार, रोज, डोंगर चढताना, वर्षानुवर्षं. लोखंड माणसाकडनं कसं घेतं ते मला ठावं हाय. एकदम घेत न्हाई. रोज वाईच वाईच घेतं, आपल्याला वाटतं सवय झाली, आन् मंग एक दिवस हात वर व्हत न्हाई. माजा खांदा त्येनं घेतला, घेतला, आता तिची कंबर नगं. येवढंच माज्या डोक्यात फिरत व्हतं, दळताना फिरत व्हतं, भाकरी करताना फिरत व्हतं. प्रकाशला बाजूला घेतलं, म्हणलं, तू तुज्या चाकावर पातळ करून आण. तो म्हणला, आणतो की, पाणी द्यायच्या, म्हंजी तापवून बुडवून कडक करायच्या आधी, कच्ची असताना दे, पण आबांच्या हातातनं ती सुटंल तवा. ते काय सुटणार न्हवतं. त्येंनी ती पाटी उशाला घिऊन झोपायचं तेवढं ठिवलं व्हतं.

भट्टी पेटवायचा दिवस आला. आमच्यात आवसंला ऐरणीवर घाव घालत न्हाईत, आन् सुरेखाची गाडी आवसंच्या दुसऱ्या दिवशी, म्हंजी समदं त्येच्या आत उरकाय पायजे. घण मारणार कोण, तर सुरेखा. तिच्या हातात घण दिला, तिनं दोन घाव घातले, ताकद लय, पण घाव वाकडा, कडंवर पडाय लागला, आन् म्या बघतीया, दर घावाला ती कंबर वाचवून वाकतीया. ह्येंनी मान हलवली. प्रकाश म्हणला, मी बघतो, पण तो चाकावरचा माणूस, त्येला घण कुठला. तवा म्या पदर खोचला आन् म्हणलं, आणा हिकडं. ह्ये म्हणले, तुला नगं म्हणलंय डॉक्टरनं. म्या म्हणलं, जाडच ठिवायची हाय न्हवं? मंग चार घावाचं काम, तेवढं व्हतंय माज्यानं. त्येंनी माज्याकडं बघितलं आन् मंग पाटी भट्टीत सारली.

पयल्यांदा लोखंड बाहेर आलं. टिक्, धाड. टिक्, धाड. खांद्यात सुई शिरल्यागत झालं पण हात चालला, जुनं काम ते. पात्याचा आकार आला. टोक आलं. दुसऱ्यांदा भट्टीतनं काढलं, धारंच्या बाजूनं घाव घालून घेतले. आन् मंग ह्येंनी हातोडी मोकळ्या ऐरणीवर वाजवली. थांब.

मी थांबले न्हाई.

कसं झालं ते मला अजून सांगता येत न्हाई. घण वर गेला आन् पात्याच्या पाठीकडच्या भागावर पडला, पुन्यांदा गेला, पुन्यांदा पडला. ह्येंनी परत ऐरणीवर वाजवली, जोरात. म्या मारतच राह्यले. त्येंस्नी सांडस सोडता येत न्हाई, सोडली तर लोखंड उडंल, म्हणून त्ये धरूनच बसले, आन् माज्या तोंडाकडं बघत व्हते. लोखंडाचा रंग उतरला तवा म्या घण टेकवला. सुरेखा भिंतीला टेकून उभी. ह्येंनी पातं वर धरलं, डोळ्यापाशी नेलं, पाठ बघितली. म्या मनात म्हणलं, आता फेकून देतील, आन् खरंच दिलं असतं तर काय म्हणणार व्हते मी.

त्येंनी फेकलं न्हाई. भट्टीत परत सारलं. पंखा लावला, लाल झालं तसं काढलं, ऐरणीवर ठिवलं आन् पाठीवर टिक् केलं. मुठीपासनं टोकाकडं, सारका, एका वळीत, कुठं पातळ करायचं ते त्येच दावाय लागले. का, ते म्या आजपतुर इचारलं न्हाई, त्येंनी सांगिटलं न्हाई. त्येच्यानंतर ऐरणीवर हातोडी वाजलीच न्हाई. मला थांब म्हणलंच न्हाईत. माजी मी मारत राह्यले, भट्टीत गेलं, आलं, गेलं, आलं, आन् मंग कवा तरी खांद्यात वल्ला कपडा टरकावा असं काय तरी झालं, आन् घण माज्या पायापाशी पडला. पातं तेवढंच जाड राह्यलं, जेवढं माजा खांदा जाईपतुर झालं व्हतं.

पाणी त्येंनी एकट्यानं दिलं. लाल पातं तेलात बुडवून, मंग मंद आचंवर शेकून, म्हंजी काचंसारकं कडक राहू नये. मूठ बसवली, प्रकाशनं म्यान आणलं. सुरेखानं कमरंला लावून बघितली, दोन पावलं चालली आन् माज्याकडं बघितलं, निस्तं बघितलं. माजा हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवल्याला. ह्ये म्हणले, तुज्या आईनं पातळ केली, वाकली तर मला सांगायचं न्हाई. ती म्हणली, बरं आबा.

तवापासनं हा हात असा. डॉक्टरीणबाई लय बोलली, आपरेशन म्हणली, म्या नगं म्हणलं, झालं तेवढं बास. भाकरी डाव्या हातानं थापते, वाकड्या व्हत्यात. आंबाडा बांधता येत न्हाई, तो ह्ये बांधत्यात. तोंडानं बोलत न्हाईत पण रोज सकाळी मागं यिऊन बसत्यात, फणी घेत्यात, आन् लोखंड वळल्यागत माजं केस वळत्यात. लय वाकडा बांधत्यात. शेजारच्या बाया हसत्यात. हसू देत. भट्टी बंद झाली, घणावर परत पोतं आलं. त्या घावांबद्दल आमच्यात एक शब्द न्हाई झाला, ताई. रागावलेत का माफ केलं, का त्येंस्नी तवाच काय तरी कळलं व्हतं, मला कायच कळत न्हाई. माणूस रोज आपलं केस इंचरतो आन् त्येच्या मनात काय हाय ते कळत न्हाई, असलं असतंय बगा. दमले मी त्येचा इचार करून करून.

आन् मंग परवाच्या सुट्टीला सुरेखा आली. आल्या आल्या पिशवीतनं सुरी काढली आन् बापाच्या म्होरं ठिवली. मूठ काळी पडल्याली हातात राहून राहून, धार कितीदा तरी लावल्याली, पाठीवर बारीक बारीक टोलं. आन् टोक वाकल्यालं. गाडी चिखलात रुतली व्हती, चाकाखाली घालायला फळी पायजे म्हणून एक खोकं फोडाय गेली, सुरी फटीत घालून उचकटली, खोकं उघडलं, टोक वाकलं. ह्येंनी हातात घेतली, बोट फिरवलं, आन् म्हणले, म्या सांगिटलं व्हतं. जाड असती तर वाकली नसती.

खरंच व्हतं त्येंचं. जाड असती तर नसतीच वाकली.

सुरेखा म्हणली, व्हय आबा, नसती वाकली. पण जाड असती तर ती माज्या कमरंला नसती, माज्या पेटीत असती. तिकडं जडातल्या जड सुऱ्या पेटीतच पडून असत्यात आबा, पयल्या महिन्यात हौस असती, मंग डोंगर चढताना पयली तीच निघती. ही मी एक दिवस बी काढून ठिवली न्हाई. ही बघाय मागत्यात समदी. आन् मंग तिनंच सांगिटलं, कमरंचं. घट्टे, सोलवाटल्यालं, समदं. म्हणली, आईला म्या शपथ घातली व्हती.

ह्येंनी सुरी खाली ठिवली. मंग उठले, कोळसा घातला, पंखा लावला. घणावरचं पोतं काढलं आन् घण सुरेखाच्या हातात दिला. त्या येवढ्याशा टोकाला घण लागत न्हाई ताई, ते मला बी ठावं आन् त्येंस्नी बी ठावं, बारक्या हातोडीनं टुकटुक केलं की सरळ झालं. पण घण दिला. म्हणले, निस्ता टेकवत जा, पडू देऊ नगं. टोक लाल केलं, सांडशीत धरलं, दोन्ही हातांनी, आन् मला म्हणले, हिकडं ये. गेले. ती बारकी हातोडी, त्येंच्या बापाच्या हातची, म्या आजपतुर कवा हातात धरली न्हवती, ती माज्या डाव्या हातात दिली. म्हणले, थांबायचं कवा ते तू सांग.

सुरेखा घण टेकवतीया, ह्ये पातं फिरवत्यात, आन् मी आपली हातोडी धरून उभी, सारा जल्म ज्या आवाजाची वाट बघितली तो आता माज्या हातात. टोक सरळ झाल्यालं दिसलं. तरी माजा हात हलंना, वाटलं, अजून वाईच, न्हाई, अजून वाईच. मंग म्या हातोडी ऐरणीवर वाजवली. दोघं थांबली.

सुरेखा गेल्या आठवड्यात गेली. काल रात्री पोचल्याचा फोन आला, म्हणली आई, कमरंला हाय. म्हणलं, ऱ्हाऊ दे. आता माजं काय मागणं न्हाई देवाजवळ, खांदा बरा कर म्हणत न्हाई मी, निस्तं तिच्या अंगावर हाय त्येच्यापेक्षा जास्त वजन घालू नगंस म्हणते. ह्ये बगा ह्ये, आंबाडा, आज बी वाकडाच. तुमी निघा आता, एस्टी चुकंल. थांबा, ती पिशवी आणा हिकडं. काय काय भरलंय येवढं, खांदा बगा कसा वढल्यालाय तुमचा. जे लागत न्हाई ते हितं काढून ठिवा, आन् मंग जावा.